मोदेना, मारानेल्लो आणि माळ्यावरचं व्हिनेगर: इटलीच्या गाडीवाल्या पट्ट्यात पाच दिवस कसे काढायचे

फेरारीचं म्युझियम बघायचं म्हटलं की आपल्याकडचे बहुतेक लोक मिलान नाहीतर फ्लोरेन्सवरून एक दिवसाची टूर घेतात, दोन-अडीच तास लाल गाड्या बघतात, टोपी आणि की-चेन घेतात आणि संध्याकाळी परत हॉटेलवर. आम्हीही तेच करणार होतो, पण बाबांनी नकाशा उघडून बसल्यावर विचारलं की फेरारी, लॅम्बोर्गिनी, मासेराती, पगानी, डुकाटी ही सगळी नावं या एवढ्याशा पट्ट्यात कशी काय, आणि त्याच पट्ट्यात पार्मिजानो चीज, बाल्सामिक व्हिनेगर, तोर्तेल्लीनी पण कसं काय, म्हणजे इथे काहीतरी आहे ना, मग एका दिवसात काय कळणार. बाबा भोसरीत मशीन शॉपमधे तीस वर्षं काढून रिटायर झालेत त्यामुळे त्यांचा प्रश्न टाळता येत नव्हता. मग एक दिवसाचे पाच दिवस झाले, आणि आता जो कोणी विचारतो त्याला मी हेच सांगतो की तिकडे जाताय तर दिवसाला एक गाडीची जागा आणि एक खाण्याची जागा धरा, तिसरं काही घालू नका. कारण ही दोन्ही कामं त्याच गावांत, त्याच शेतांच्या मधोमध चालतात आणि दोन्ही बघितली की एकमेकांमुळे जास्त कळतात.

आधी नकाशा समजून घ्या

प्रदेशाचं नाव एमिलिया-रोमान्या, राजधानी बोलोन्या. याच्या मधून एक जवळजवळ सरळ रस्ता जातो, विया एमिलिया, रोमन लोकांनी इसवी सनापूर्वी १८७ मधे बांधलेला, रिमिनीपासून पियाचेन्झापर्यंत. बोलोन्या, मोदेना, रेज्जो एमिलिया, पार्मा ही सगळी शहरं याच रस्त्यावर मण्यांसारखी ओवलेली आहेत, रेल्वे पण त्याला लागूनच. बोलोन्या ते मोदेना साधारण ४० किलोमीटर, मोदेना ते मारानेल्लो १८ च्या आसपास, लॅम्बोर्गिनीचं सांत'आगाता बोलोन्येसे या दोन शहरांच्या मधे थोडं उत्तरेला, पगानीचं सान चेझारिओ मोदेनापासून दहा-बारा किलोमीटर. म्हणजे सगळं मिळून पुणे-चाकण-रांजणगाव एवढ्या टापूत बसतं. सपाट जमीन, गुरं, चारा, द्राक्षं, आणि शेतीची अवजारं बनवणारे दुरुस्त करणारे कारखाने, त्यातूनच पुढे इंजिनवाले लोक तयार झाले. फेरुच्चो लॅम्बोर्गिनी स्वतः शेतकऱ्याचा मुलगा, युद्धानंतर पडून राहिलेल्या लष्करी गाड्यांच्या पार्टमधून ट्रॅक्टर बनवायला लागला आणि १९६३ मधे गाड्यांची कंपनी काढली. फेरारी कंपनी काढणाऱ्या एन्झो फेरारीच्या वडिलांचं मोदेनात लोखंडकामाचं वर्कशॉप होतं. हे डोक्यात ठेवून फिरलात तर मधे लागणारी शेतं आणि गोठे कंटाळवाणे वाटत नाहीत.

कधी जायचं, आणि काय आधी बुक करायचं

एप्रिल, मे, सप्टेंबर, ऑक्टोबर. जून चालतो पण जुलैत इथलं ऊन आणि दमटपणा आपल्या मे महिन्यासारखाच असतो. ऑगस्ट मात्र टाळाच, १५ ऑगस्टला फेर्रागोस्तो नावाचा त्यांचा मोठा सण असतो आणि त्याच्या आगेमागे कारखाने, छोटी हॉटेलं, डेअरीच्या टूर सगळं थंडावतं, आपल्याला मुलांच्या सुट्टीचं गणित बसत नसेल तर दिवाळीच्या सुट्टीत जा, गारठा असतो पण तोर्तेल्लीनीचा गरम रस्सा त्याच हवेत चांगला लागतो.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो, सीझनला अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो म्हणून तीन महिने तरी हातात ठेवा. विमान थेट बोलोन्याला मिळालं तर सोन्याहून पिवळं, दुबईमार्गे एमिरेट्स बोलोन्याला जाते, नाहीतर मिलानला उतरून हायस्पीड ट्रेनने तासाभरात बोलोन्या. रोमवरून दोन तास, फ्लोरेन्सवरून चाळीस मिनिटं पण नाहीत. बोलोन्या एअरपोर्टवरून स्टेशनला मोनोरेल आहे, सात मिनिटांत पोचवते.

बुकिंगचा क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी पगानी, कारण तिथे फॅक्टरीचा भाग गाइडसोबतच बघता येतो, गट छोटे असतात आणि जागा भरतात. मग लॅम्बोर्गिनी आणि डुकाटीची फॅक्टरी टूर, ही कामाच्या दिवशीच असते, शनिवार-रविवारी गेलात तर फक्त म्युझियम मिळेल. मग चीजची डेअरी आणि व्हिनेगरवाला, त्यांना साधा ईमेल टाकला तरी चालतो, इंग्रजीत लिहा, दोन ओळी पुरतात, किती माणसं आणि कुठली तारीख. फेरारीची दोन म्युझियम शेवटी करा, ती २५ डिसेंबर आणि १ जानेवारी सोडून जवळपास रोज उघडी असतात आणि दोन्हीचं मिळून एक तिकीट घेतलं की स्वस्त पडतं.

राहायचं कुठे, गाडी घ्यायची का

आम्ही मोदेनात तीन रात्री आणि बोलोन्यात दोन अशा केल्या आणि पुन्हा गेलो तरी तसंच करू. बोलोन्या मोठं आहे, हॉटेलं महाग, मोदेना छोटं, शांत, चालत फिरता येतं आणि फेरारीला जायला जवळ.

गाडी भाड्याने घ्यायची तर आरटीओतून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट काढून न्या, मूळ लायसन्स पण सोबत लागतं. तिकडे उजवीकडून चालवतात, पहिल्या दिवशी चौकात सोबतच्याने "उजवीकडे, उजवीकडे" म्हणत राहावं लागतं. खरी अडचण वेगळीच आहे, जुन्या शहराच्या आत झेड-टी-एल नावाचा भाग असतो, तिथे बाहेरच्या गाड्यांना बंदी, गेट वगैरे काही नसतं फक्त पाटी आणि कॅमेरा, आणि दंड काही महिन्यांनी घरी येतो, शिवाय भाड्याने देणारी कंपनी तुमचं नाव पोलिसांना कळवल्याचे वेगळे पैसे कापते. आमच्या ओळखीतल्या एकांना हॉटेल शोधताना एकाच संध्याकाळी तीन कॅमेरे लागले आणि तीन वेगवेगळे दंड आले. त्यामुळे हॉटेल जुन्या शहरात असेल तर गाडीचा नंबर त्यांच्याकडे आधी नोंदवून घ्या, नाहीतर गाडी बाहेरच्या पार्किंगला लावून चालत जा. चालवणाऱ्याच्या रक्तात दारूची मर्यादा लिटरमागे ०.५ ग्रॅम आहे आणि लायसन्स मिळून ३ वर्षं झाली नसतील तर शून्य, म्हणजे ज्याच्या हातात चावी त्याने लाम्ब्रुस्को, म्हणजे इथली फेसाळ लाल वाइन, रात्री हॉटेलजवळच प्यायची.

माझं मत, दोन दिवस ट्रेन-बस आणि दोन दिवस गाडी. मोदेना स्टेशनवरून फेरारीची शटल दोन्ही म्युझियमना जोडते, साधी बस पण आहे. चीज, व्हिनेगर आणि पगानीसाठी मात्र गाडी नाहीतर टॅक्सी लागतेच, कारण ती शेतांमधे आहेत. रिजनल ट्रेनचं कागदी तिकीट काढलं तर प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या मशीनमधे शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट हातात असून दंड होतो.

दिवस पहिला: मोदेना, पिवळं छप्पर आणि मंडई

सकाळी थेट आल्बिनेल्ली मार्केटला जा. १९३१ ची मंडई आहे, लोखंडी छप्पर, मधे छोटं कारंजं, आपल्या महात्मा फुले मंडईत शिरल्यावर जसा वास आणि आवाज अंगावर येतो तसं, फक्त आवाज जरा कमी. रविवारी बंद असते. इथे चीजवाल्याकडे १२, २४ आणि ३६ महिन्यांचं पार्मिजानो छोटे छोटे तुकडे मागून एकापाठोपाठ एक खाऊन बघा, १२ वालं दुधाळ आणि मऊ, २४ ला दाताखाली खडे लागायला लागतात, ३६ ला कोरडं, तिखटसर आणि वास मसाल्यासारखा. हे आधी केलं की नंतर डेअरीत गेल्यावर माणूस काय सांगतोय ते जिभेला माहीत असतं.

मग चालत एन्झो फेरारी म्युझियम, स्टेशनच्या जवळच आहे. एका बाजूला त्याच्या वडिलांचं जुनं विटांचं घर-वर्कशॉप आणि शेजारी बॉनेटसारखं वळलेलं मोठं पिवळं छप्पर, चेक आर्किटेक्ट यान काप्लिकीचं डिझाईन, २०१२ मधे उघडलं. पिवळा कारण मोदेनाचा रंग पिवळा, फेरारीच्या घोड्यामागे जो पिवळा असतो तो पण तोच. घोडा मात्र पहिल्या महायुद्धातल्या फ्रान्चेस्को बाराक्का या वैमानिकाच्या विमानावरचा. इथे आत एका मोठ्या पांढऱ्या हॉलमधे थोड्याच गाड्या, पण एकेक मोकळी ठेवलेली, चारी बाजूंनी फिरता येतं, मागून पुढून खालून वाकून बघता येतं. बाबा गाड्यांपेक्षा वर्कशॉपच्या बाजूला जास्त रमले, तिथे इंजिनं उघडी ठेवलेली आहेत. घाई करू नका, दोन तास द्या.

रात्री न्योक्को फ्रित्तो. चौकोनी फुगलेल्या पुऱ्या समजा, गरम गरम टोपलीत येतात, सोबत प्रोशुत्तो, मोर्तादेल्ला असल्या पोर्कच्या पातळ चकत्या आणि मऊ चीज, पुरी फोडून आत भरून खायचं. त्याचाच भाऊ तिजेल्ले, छोट्या गोल जाड भाकऱ्या, लोखंडी साच्यात भाजलेल्या. गंमत म्हणजे मूळ भाकरीचं नाव क्रेशेन्तीना आणि तिजेल्ला म्हणजे ती भाजायची मातीची तबकडी, पण आता सगळे भाकरीलाच तिजेल्ला म्हणतात.

दिवस दुसरा: मारानेल्लो

हा दिवस फेरारीचा, बाकी काही ठेवू नका. एन्झोने १९४३ मधे काम मोदेनाहून इथे हलवलं आणि १९४७ मधे फेरारी नावाची पहिली गाडी, १२५ एस, इथल्या गेटातून बाहेर पडली. म्युझियममधे सगळ्यात भारी खोली म्हणजे चॅम्पियनशिप जिंकलेल्या फॉर्म्युला वन गाड्यांची, अर्धगोलात लावलेल्या गाड्या आणि मागे भिंतभर ट्रॉफ्या. तिथे पंधरा मिनिटं नुसते उभे राहा. १९७० च्या दशकातल्या गाडीजवळ वाकून बघितलं की ड्रायव्हरचे पाय पुढच्या चाकांच्या कुठे यायचे ते कळतं आणि पोटात गोळा येतो.

तिकिटासोबत फॅक्टरी आणि फियोरानो ट्रॅकची बस टूर घेता येते. आधी नीट समजून घ्या, ती बसमधूनच असते, खाली उतरू देत नाहीत, फोटोलाही बंदी. असेंब्ली लाइन बघायला मिळेल अशा अपेक्षेने घेतलीत तर निराश व्हाल, पण लाल विटांची जुनी इमारत, विंड टनेल, १९७२ चा फियोरानो ट्रॅक आणि त्याच्या कडेचं एन्झोचं घर हे बघायचं असेल तर घ्या. नशीब असेल तर ट्रॅकवर गाडी चालू असते, म्युझियमच्या बाहेरही आवाज ऐकू येतो आणि रस्त्यावरचे सगळे लोक एकदम माना वळवतात.

मारानेल्लोच्या रस्त्यावर फेरारी चालवायला देणारी दुकानं ओळीने आहेत, दहा मिनिटं, वीस मिनिटं असं पॅकेज. दादाने घेतलं, शेजारी त्यांचा माणूस बसतो. घ्यायचं असेल तर आधी तीन गोष्टी लेखी विचारा, अपघात झाला तर तुमच्या खिशातून किती जाणार, पेट्रोल धरून किंमत आहे का, आणि रस्ता कुठला, कारण गावातल्या सिग्नलवरून दहा मिनिटं जाण्यात काही अर्थ नाही, टेकड्यांकडे जाणारा रस्ता असेल तरच पैसे वसूल होतात.

जेवायला फॅक्टरीच्या जुन्या गेटासमोर कावाल्लिनो आहे, एन्झो इथेच जेवायचा, २०२१ मधे मास्सिमो बोत्तुरा या मोदेनाच्या प्रसिद्ध शेफने नवीन रूपात उघडलं. महाग आहे आणि आधी बुक करावं लागतं. आम्ही साध्या त्रात्तोरियात, म्हणजे घरगुती खाणावळीत, तोर्तेल्लोनी खाल्ले, आत रिकोत्ता चीज आणि पालक, वरून लोणी आणि सेजची पानं. आईला पूर्ण ट्रिपमधे सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच.

दिवस तिसरा: सकाळी चीज, दुपारी मासेराती

या दिवशी लवकर उठायचं. पार्मिजानो रोज बनतं, पण फक्त सकाळी. पहिल्या वेळी आम्ही अकराला पोचलो तेव्हा कढया धुवून झाल्या होत्या आणि नुसतं गोदाम बघून परत आलो, दुसऱ्या दिवशी पुन्हा साडेआठला गेलो. तुम्ही साडेआठचीच वेळ मागा.

आत उलट्या घंटेसारख्या तांब्याच्या खोल कढया असतात. आदल्या संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवून वरची साय काढलेलं, त्यात सकाळचं ताजं दूध, आणि कालच्या चीजची उरलेली निवळी विरजण म्हणून. मग रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेला दूध थिजवणारा अर्क, आणि दहा-पंधरा मिनिटांत दूध थिजतं. मोठ्या पिंजऱ्यासारख्या रवीने ते फोडतात, कण तांदळाएवढे होईपर्यंत, मग साधारण ५५ अंशांपर्यंत तापवतात. माणूस दर थोड्या वेळाने हात घालून कण बोटांत चोळून बघतो, आई लगेच म्हणाली पाक झाला का बघतोय. शेवटी तळाशी बसलेला गोळा दोघं जण कापडात धरून वर उचलतात आणि मधून कापतात, एका कढईतून दोन चाकं. साच्यात एक-दोन दिवस, मग जवळपास तीन आठवडे मिठाच्या पाण्यात, मग कमीत कमी १२ महिने फळीवर. एका चाकाला साधारण ५५० लिटर दूध लागतं आणि ते ४० किलोच्या आसपास भरतं.

गोदामात शिरलात की छतापर्यंत चाकंच चाकं. वर्ष झालं की तपासणीस छोट्या हातोडीने प्रत्येक चाक वाजवतो आणि आवाजावरून आत भेग किंवा पोकळी आहे का ओळखतो, पास झालं तरच सालीवर शिक्का भाजतात. बाबा तिथे हातोडीवाल्याला हातवारे करून सांगत होते की आम्ही पण कास्टिंग असंच वाजवून बघायचो, आणि त्या माणसाला ते लगेच कळलं, त्याने बाबांच्या हातात हातोडी दिली. भाषा दोघांचीही एकमेकांना येत नव्हती. जाता जाता, या पट्ट्यातल्या गोठ्यांमधे आणि डेअऱ्यांमधे पंजाबी मंडळी बरीच वर्षं काम करतायत, नोवेल्लारा गावात त्यांचा मोठा गुरुद्वारा आहे, त्यामुळे एखाद्या ठिकाणी हिंदीतून नमस्कार ऐकू आला तर दचकू नका.

डेअरी निवडायचीच असेल तर मोदेनाच्या बाहेर ओम्ब्रे नावाचं शेत बघा. ऑर्गॅनिक पार्मिजानो बनवतात आणि त्याच आवारात उम्बेर्तो पानिनी यांचा मासेरातीचा संग्रह आहे, फुटबॉलच्या स्टिकरवाले पानिनी ते हेच कुटुंब. १९९६ मधे कंपनीच्या जुन्या गाड्या लिलावात परदेशी जायची वेळ आली होती, त्यांनी त्या विकत घेतल्या आणि मोदेनात ठेवल्या. यात १९५८ ची एलदोरादो नावाची सिंगल सीटर आहे, पांढरी, आइस्क्रीम कंपनीने स्पॉन्सर केलेली, रेसर स्टर्लिंग मॉसने मोन्झाच्या ट्रॅकवर चालवलेली. आधी विचारून, बुक करूनच जा, वर्षभर रोज उघडं नसतं. मासेरातीच्या लोगोतला त्रिशूळ कुठून आला ते बोलोन्यात नेपच्यूनच्या कारंज्यासमोर उभे राहिलात की कळेल, कंपनी १९१४ मधे तिथेच सुरू झाली होती.

दिवस चौथा: पानारो नदीच्या कडेने

हा माझा सगळ्यात आवडता दिवस आणि रस्ता सोपा, सान चेझारिओ, स्पिलाम्बेर्तो, विन्योला, तिन्ही गावं एकाच दिशेला.

सकाळी पगानी. ओरासिओ पगानी मूळचा अर्जेंटिनाचा, तरुणपणी रेसर फांजिओची शिफारसपत्रं घेऊन इटलीत आला, लॅम्बोर्गिनीत कामाला लागला, कार्बन फायबर शिकला आणि नंतर स्वतःची कंपनी काढली. पहिली गाडी झोन्दा, १९९९. इथलं म्युझियम छोटं आहे, पण फॅक्टरीच्या टूरमधे कार्बनचं कापड कापून, थर देऊन, मोठ्या प्रेशर ओव्हनमधे भाजून पार्ट बनताना बघता येतात, दोन बाजूंच्या विणीची नक्षी मधल्या रेषेवर बरोब्बर जुळवलेली असते, पैठणीचे काठ जुळवतात तशी. फॅक्टरीच्या भागात मोबाईल काढू देत नाहीत.

तिथून स्पिलाम्बेर्तोला बाल्सामिको बघायला जा, पारंपरिक बाल्सामिकोचं म्युझियमच आहे तिथे, शिवाय आसपास बरीच घरं आपला माळा दाखवतात. द्राक्षाचा रस उकळून आटवतात, काकवीकडे झुकणारा, मग तो लाकडी पिंपांच्या संचात जातो, मोठ्यापासून छोट्यापर्यंत किमान पाच पिंपं, ओक, चेस्टनट, चेरी, तुती, जुनिपर अशी वेगवेगळी लाकडं. दर वर्षी सगळ्यात छोट्यातून थोडं काढायचं, ते भरायला त्याच्या मोठ्यातून, त्याला त्याच्या मोठ्यातून, आणि शेवटच्यात नवीन रस. किमान १२ वर्षं, आणि एक्स्त्रावेक्किओ म्हणजे २५ च्या वर. पिंपं मुद्दाम माळ्यावर ठेवतात, उन्हाळ्यात तापायला हवीत आणि हिवाळ्यात गार पडायला हवीत. मुलगी जन्माला आली की तिच्या नावाने संच सुरू करायची जुनी पद्धत आहे, काही घरांत पिंपांवर मुलींची नावं लिहिलेली दिसतात.

खरेदी करताना लेबल नीट वाचा. नुसतं "आचेतो बाल्सामिको दि मोदेना" असेल तर ते सुपरमार्केटवालं, वाइन व्हिनेगर मिसळलेलं, ६० दिवसांतही तयार होतं, सॅलडला चांगलं आहे त्याला नावं ठेवायचं कारण नाही. पण "त्रादित्सिओनाले" हा शब्द असेल तरच माळ्यावरचं, आणि मोदेनाचं असेल तर ते कायम एकाच आकाराच्या १०० मिलीच्या गोल पोटाच्या बाटलीत येतं, बाटलीचं डिझाईन जोर्जेत्तो जुजारोचं, ज्याने मासेराती गिब्लीसकट कितीतरी गाड्या डिझाईन केल्या. चाळीस-पन्नास युरोच्या खाली मिळत असेल तर शंका घ्या. चव चमच्यावर दोन थेंब, मग पार्मिजानोच्या तुकड्यावर, मग व्हॅनिला आइस्क्रीमवर. गॅसवर गरम करू नका, सगळी मेहनत वाया जाते.

विन्योलाला संध्याकाळी, किल्ला आणि तोर्ता बारोत्झी, चॉकलेट, कॉफी, बदाम आणि शेंगदाण्याचा केक, मैदा अजिबात नाही, अंडी आहेत. मे अखेर ते जूनमधे गेलात तर रस्त्याच्या कडेला चेरी विकायला असतात, किलोभर घ्या.

दिवस पाचवा: लॅम्बोर्गिनी, मग बोलोन्या

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा, लॅम्बोर्गिनीची म्युझियम दोन आहेत. कंपनीचं सांत'आगाता बोलोन्येसेला, मिउरा, काउंताच पासून आत्ताच्या गाड्यांपर्यंत. दुसरं फेरुच्चो लॅम्बोर्गिनीचं, फुनो दि आर्जेलातोला, घरच्यांनी उभं केलेलं, तिथे ट्रॅक्टर, हेलिकॉप्टर, बोटीची इंजिनं असं त्या माणसाचं सगळं काम. फोनच्या मॅपवर नुसतं लॅम्बोर्गिनी म्युझियम टाकलं की कुठलंही येऊ शकतं, आम्ही एकदा अर्ध्या वाटेतून वळलो. गावाचं नाव टाकून शोधा. गाड्यांसाठी जाताय तर सांत'आगाता, शेती आणि मशीनची आवड असेल तर फुनो. गाडी नसेल तर सान जोव्हान्नी इन पेर्सिचेतोपर्यंत ट्रेन आणि पुढे टॅक्सी. लॅम्बोर्गिनीच्या लोगोत बैल का, तर फेरुच्चोची रास वृषभ, जन्म २८ एप्रिल १९१६ चा.

बाइकवाले असाल तर याच दिवशी बोर्गो पानिगालेला डुकाटी, बोलोन्याच्या कडेलाच. ही कंपनी १९२६ मधे रेडिओचे पार्ट बनवायला सुरू झाली आणि युद्धानंतर सायकलला जोडायचं छोटं इंजिन काढलं, कुच्चोलो, म्हणजे कुत्र्याचं पिल्लू. लॅम्बोर्गिनी आणि डुकाटी दोन्ही एका दिवसात होतात पण मग बोलोन्या राहतं, त्यापेक्षा एकच निवडा.

बोलोन्यात संध्याकाळी क्वाद्रिलातेरोच्या गल्ल्यांमधे फिरा, मोठ्या चौकाला लागूनच आहेत. दुकानांच्या काचेमागे बायका लांबलचक लाटण्याने अंड्यातल्या कणकेची पोळी लाटतात, इतकी पातळ की खालचं लाकूड दिसतं, आणि करंगळीच्या टोकावर वळून तोर्तेल्लीनी बनवतात. आई बघतच राहिली, उकडीच्या मोदकाला कळ्या पाडणाऱ्या बाईला ते किती अवघड आहे ते लगेच कळतं. तोर्तेल्लीनी मांसाच्या रश्श्यात खायचे, आत पोर्क असतं. आणि स्पॅगेटी बोलोनीज मागू नका, इथे रागू हा मटणाच्या खिम्यासारखा बीफ-पोर्कचा सॉस तालिआतेल्ले या रुंद शेवयांवर येतो. शिजल्यावर त्या ८ मिलिमीटर रुंद असायला हव्यात असं १९७२ मधे तिथल्या चेंबर ऑफ कॉमर्समधे रीतसर नोंदवलंय, सोन्याची नमुना पट्टी ठेवून. हे ऐकल्यावर बाबा म्हणाले, मग इथे इंजिनं बनणारच.

शाकाहारी असाल तर हे वाचाच

पार्मिजानोमधे वासराच्या पोटातलं रेनेट असतं, नियमच आहे तसा, त्यामुळे कडक शाकाहारी लोकांना ते चालत नाही. आईला आधीच सांगितलं, तिने बघितलं पण खाल्लं नाही, आणि जेवणावर चीज नको असेल तर "सेन्झा फोर्माज्जो" म्हणायचं. न्योक्को फ्रित्तो बऱ्याचदा डुकराच्या चरबीत तळतात, "सेन्झा स्त्रुत्तो?" असं विचारा. तिजेल्लेसोबत पांढरी पेस्ट येते ती पण चरबीचीच, लसूण-रोजमेरी घातलेली. रेज्जोचं एर्बात्झोने पालकाचं असतं पण त्यात पान्चेत्ता, म्हणजे खारवलेलं पोर्क, किंवा चरबी असू शकते. "ब्रोदो" लिहिलं असेल तर मांसाचा रस्सा. सुरक्षित काय, तर भाज्या भाजलेल्या, टोमॅटो सॉसचा पास्ता, भोपळ्याचे नाहीतर पालकाचे तोर्तेल्लोनी पण आत चीज आहे हे धरून. जैन असाल तर एक किचन असलेली खोली घ्या आणि मंडईतून भाजी आणा, मोदेनात ते सहज जमतं.

जेवणाच्या वेळा कडक असतात, दुपारी साडेबारा ते अडीच, रात्री साडेसातच्या आधी किचन उघडत नाही. म्युझियममधून तीनला बाहेर पडलात तर सँडविचवरच भागवावं लागेल, बॅगेत खाकरा आणि चिवडा असू द्या. बिलात कोपेर्तो म्हणून माणशी दोन-तीन युरो लागतात, ते टेबलाचं शुल्क आहे, फसवणूक नाही, वेगळी टिप द्यायची गरज नसते.

परत येताना

पार्मिजानो डेअरीतून घेतलं तर मोठ्या तुकड्यांत व्हॅक्यूम पॅक करून मागा, "सोत्तोवुओतो" म्हटलं की करून देतात, न उघडता फ्रिजमधे बरेच महिने राहतं. साल फेकू नका, आमटीत नाही पण मिनेस्त्रोने किंवा भाजीच्या सूपमधे उकळत टाका. प्रोशुत्तो वगैरे मांसाचे पदार्थ भारतात आणायच्या भानगडीत पडू नका, आणि चीजसाठी सुद्धा निघण्याआधी कस्टमचे चालू नियम एकदा बघून घ्या. बाल्सामिकोची बाटली मोज्यात गुंडाळून चेक-इन बॅगेत, कपड्यांच्या मधोमध. उघडल्यावर फ्रिजमधे ठेवायची गरज नाही, झाकण घट्ट लावून कपाटात ठेवा. आमची बाटली आंब्याच्या सीझनला निघते, हापूसच्या फोडींवर दोन थेंब, घरी कोणी आलं तरच.